दुपारची सावड

१

वैशाखात बोरी अरब गावात दुपारी एक ते तीन कुणी कुणाच्या दारी जात नाही. सदाशिवराव कूलरपुढे आडवे होऊन घोरायचे. निकिता, त्यांची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. ती आतल्या खोलीत कुशीवर पडायची, पायाखाली दोन उशा घेऊन. नववा महिना होता आणि पाय असे सुजलेले की चप्पल चढत नव्हती. आणि विमलताई? विमलताई भांडी घासायच्या, उद्याच्या पापडाचं पीठ भिजवायच्या, निकितासाठी काकडी चिरून ठेवायच्या. तीन वाजले की चहा. तीस वर्षं त्यांची दुपार अशीच गेली होती.

एकावन्न वर्षांच्या या बाईला लिहायचं होतं. घरात कुणाला ते माहीत नव्हतं. माहीत झालं असतं तर सदाशिवराव हसले असते, "किराण्याची यादी लिहितं काय?" म्हणाले असते. माणूस वाईट नव्हता. हसला मात्र असता, आणि त्या हसण्याचीच विमलताईंना धास्ती होती. मारणाऱ्याला माणूस उलटून बोलतो, पण हसणाऱ्याला काय बोलणार?

लिहायचं तेही एकच होतं. बारावी झाल्यावर एका सकाळी विमल नावाची मुलगी पत्र्याची पेटी घेऊन घरातून गुपचूप निघाली. दारव्ह्याच्या स्टँडवर ती नागपूरच्या गाडीत जाऊन बसली. तिला पुढे शिकायचं होतं. गाडी सुटायच्या आत वडिलांनी तिला दंडाला धरून खाली उतरवलं, आणि त्याच वर्षी तिचं लग्न झालं. हे विमलताईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती गाडी सुटली असती तर काय झालं असतं, हे त्यांना लिहायचं होतं. वही आणून तीन वर्षं झाली होती. पहिल्या पानावर श्री होता आणि दुसरं पान कोरं.

मग एके दुपारी मांजरीची पिल्लं शोधता शोधता त्या कापसाच्या खोलीत शिरल्या.

घराच्या मागच्या अंगाला न्हाणीघराला लागून ती खोली. माघापासून कापसानं आढ्यापर्यंत भरलेली, कारण सदाशिवरावांना भाव वाढेल अशी आशा होती आणि भाव काही वाढत नव्हता. दाराजवळ एका माणसापुरती जागा उरली होती. विमलताई तिथं टेकल्या आणि दार आपसूक लोटलं गेलं. त्याबरोबर कूलर बंद झाला, घोरणं बंद झालं, रस्त्यावरचे ट्रक बंद झाले. म्हणजे ते सगळं चालूच होतं, पण कापूस आवाज पिऊन टाकतो. वरच्या झरोक्यातून वहीपुरता उजेड येत होता.

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणी हाक मारलेली ऐकू येणार नव्हती. त्यांना रडूच आलं. दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन आल्या.

२

अर्धा तास, एवढंच त्यांनी स्वतःला बजावलं होतं. भांडी मोरीत तशीच, उडदाचा गोळा कुटायचा बाकी. कापसाला पाठ लावून त्या बसल्या, वही मांडीवर घेतली आणि पहिलं वाक्य लिहिलं. मग दुसरं. पाठ कापसात रुतत गेली आणि हात चालत राहिला.

बाहेर आल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. पीठ वाळून गेलं असणार, चहाची वेळ टळली, सदाशिवराव उठून बसले असणार.

सदाशिवराव उठून बसले होते आणि चहा पीत होते.

"आज साखर जास्त पडली वं," ते म्हणाले आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं.

मोरी कोरडी होती. भांडी घासून फळीवर लावलेली. उडदाचा गोळा कुटून, तेलाचा हात लावून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. विमलताईंनी बोट दाबून पाहिलं. पीठ लोण्यासारखं झालं होतं. त्यांच्या हातून इतकं मऊ कधी होत नसे.

जमनाबाई येऊन गेली असणार, दुसरं कोण? जमनाबाई गावाबाहेरच्या तांड्यावरची. दोघींची उन्हाळी कामं सावडीनं चालत. आज तू माझ्या घरी पापडाला, उद्या मी तुझ्या घरी शेवयांना. यात पैसा येत नाही. सावडीला एकच नियम असतो. ज्या बाईनं तुझ्या घरी हात लावला, तिच्या घरचं काम निघालं आणि तिनं आवाज दिला की तू जायचं. घरी पाहुणे असोत, अंगात ताप असो, जायचं. जी गेली नाही तिला गावात तोंड वर करून फिरता येत नाही.

सहाच्या सुमाराला जमनाबाई रस्त्यानं येताना दिसली तशा विमलताई फाटकाशी गेल्या.

"जमनाबाई, पीठ लय मस्त कुटलं वं. आवाज तरी द्यायचा."

"कोन, मी?" जमनाबाईनं पिशवी खाली ठेवली. "मी तं सकाळपासून दारव्ह्याले होती, विमलताई. डोळे दाखवाले गेलती. हे पाहा, औषध. आत्ताच उतरून राह्यली गाडीतून."

तिच्या एका डोळ्यावर खरंच पट्टी होती.

३

माणसाचं डोकं मोठं सोयीचं असतं. विमलताईंनी रात्रीपर्यंत स्वतःला पटवलं की भांडी आपणच घासली, पीठ आपणच कुटलं आणि लिहिण्याच्या नादात विसरलो. बाईचं वय पन्नाशीच्या पुढे गेलं की असं होतं म्हणतात. शेजारच्या गल्लीतली एक तर गॅस बंद केला की नाही ते पाहायला लग्नातून परत आली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. गव्हाचा चीक शिजवून पातेल्यात झाकून ठेवला. कुरडया घालायच्या त्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. दुपारी गच्चीवर पाय ठेवला तर फोड येतो. जाताना त्यांनी पातेल्यावर पाटा ठेवला, पाट्यावर वरवंटा, आणि मग खोलीत गेल्या.

त्या दिवशी सहा पानं झाली. स्टँडवरचा पाण्याचा नळ, कंडक्टरच्या खिशातली पेन्सिल, मांडीवरच्या पेटीचा गारवा, सगळं हाताखाली येत होतं. इतकं कुठे साठलं होतं कोण जाणे.

बाहेर आल्या तर सदाशिवराव अंगणात उभे. चेहरा चिडलेला.

"काय वं, भर उनात गच्चीवर काहून चढली होती? तेही अनवानी! मी दोन हाका मारल्या, पलटून बी नाई पाह्यलं तू."

विमलताईंनी पायांत चप्पल अडकवली. त्या जिना चढल्या. चप्पल घालूनही तळपाय भाजत होते. गच्चीवर जुनं लुगडं पसरलेलं, चारी कोपऱ्यांवर विटा, आणि लुगड्यावर ओळीनं कुरडया. पांढऱ्याशुभ्र आणि सगळ्या एका मापाच्या.

त्या वाकल्या. त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं तसा सोऱ्या उजवीकडून फिरवायचा, म्हणजे कुरडईचा वेढा घड्याळाच्या काट्यासारखा जातो. निकितालाही त्यांनी तसंच शिकवलं होतं. या कुरडयांचे वेढे उलटे होते. एक नाही, दोन नाही, सगळ्या.

त्यांना जिना उतरून ओरडावंसं वाटलं, ती बाई मी नव्हते म्हणून. पण मग सदाशिवरावांनी विचारलं असतं, तू होती कुठं? आणि वही दाखवावी लागली असती.

त्या उतरल्या आणि चहा ठेवला.

४

लिहिणं बंद करावं असं त्यांना वाटलं नाही का? वाटलं की. रोज सकाळी वाटायचं. पण एक वाजला की पाय तिकडे वळायचे. भीती वाटत होती आणि हावही सुटली होती, आणि हाव दर दुपारी जिंकायची. कुणी का करेना, काम होत होतं. तीस वर्षांत कुणी त्यांना दोन तास दिले नव्हते. आता मिळत होते तर कुठून आले हे विचारायची हिंमत त्यांना होत नव्हती. सगळी हिंमत वहीत खर्च होत होती.

खोलीत बसल्यावर कधी कधी पाठीमागचा कापूस हलल्यासारखा वाटे. दाबलेला कापूस फुलतो, तसं काही असेल. पाठ टेकल्यावर त्याची ऊबही जरा जास्तच लागे. वैशाखात ऊब नाही तर काय लागणार?

आठव्या दिवशी चहाचा कप घेऊन त्या निकिताकडे गेल्या. ती उठून बसली होती. चेहरा लाल, डोळे ओले, आणि अशी हसत होती जशी लहानपणी जत्रेहून आल्यावर हसायची.

"आई, तू किती मस्त पाय चोळून देते वं. बारीक बारीक नसा मोकळ्या झाल्या. हे पाह, सूज उतरली."

विमलताईंनी कप खाली ठेवला. "कवा?"

"कवा म्हंजे? आत्ता. दीड तास बसली ना तू." निकितानं त्यांचा पदर धरला. "आन् ते पेटीचं तू मले काहून नाई सांगितलं आजलोक? मले वाटे तू अशीच आहे. सैपाक आन् पूजा. तू गाडीत जाऊन बसली होती, आई! एकटी!"

"कोनती पेटी?" विमलताईंनी कसंबसं विचारलं.

"आता लाजू नको. पत्र्याची पेटी, मांडीवर गार गार लागे ते. कंडक्टरच्या खिशातली पेन्सिल. किती बारीक बारीक सांगते तू! मले तं डोळ्यानं दिसत होतं." ती थांबली. "पन तू थांबली भलत्याच जागी. गाडी सुटली आन् मंग? उद्या सांगीन म्हनली."

त्या दुपारी विमलताईंनी बरोबर तिथवर लिहिलं होतं. शेवटचं वाक्य, गाडी सुटली. शाई पुरती वाळलीही नसेल.

त्या मोरीत गेल्या आणि तोंडात पदर कोंबून उभ्या राहिल्या. आपण आत बसून लिहितो तेच कुणीतरी बाहेर आपल्या तोंडानं आपल्या मुलीला सांगतं. ही भीतीची गोष्ट होती आणि त्या भ्याल्याच होत्या. पण त्याच्या खाली दुसरंही काही होतं, आणि त्याची त्यांना शरम वाटली. आपली गोष्ट कुणाला तरी आवडली होती. पुढे काय झालं म्हणून कुणीतरी वाट पाहत होतं.

५

म्हणून त्या पुढेही गेल्या.

निकिताचं त्या दुपारच्या आईवर फार मन बसलं. सकाळी ती चिडचिडी असे, भाजीत मीठ नाही, कूलरचं पाणी भरलं नाही. चारनंतर मात्र शांत, समजूतदार. "दुपारी तू वेगळीच असते," असं एकदा ती म्हणाली. विमलताईंना ते सुईसारखं टोचलं. आपण लेकीला नऊ महिने पोटात ठेवलं, वीस वर्षं वेण्या घातल्या, आणि तिला आवडते ती दुसरीच कुणी.

वहीची शेवटची दहा पानं राहिली होती. त्या दिवशी लिहून झाल्यावर विमलताई उठल्या, दाराला हात घातला, आणि तिथं त्यांच्याकडून ती चूक झाली.

चूक कसली, सवय. जन्मभराची रीत. आपल्या घरी राबून चाललेल्या बाईला कुणी मुकाट पाठवत नाही. सून म्हणून या घरात आल्यापासून त्यांनी ते वाक्य शेकडो बायांना म्हटलं होतं. तोंडातून ते आपोआप निघतं, नमस्कार निघतो तसं. कापसाकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या,

"बाई, कोनी बी अस, मायं लय काम केलं तू. तुया घरचं काम निघालं की आवाज दे. मी येईन."

म्हणून झालं आणि त्यांना कळलं की आपण काय बोललो.

खोलीत काहीच हललं नाही. झरोक्यातून येणाऱ्या उजेडात कापसाचे तंतू तरंगत होते तसेच तरंगत राहिले. मग ढिगाच्या आतून, पाठ टेकायच्या जागेच्या मागून, अगदी जवळून, कुणीतरी म्हणालं,

"बरं."

आवाज विमलताईंचा होता. फोनमध्ये आपला आवाज ऐकला की जरा परका लागतो, तसा.

६

"कापूस विका," विमलताईंनी त्याच संध्याकाळी सांगितलं.

"भाव वाढून राह्यला वं, पंधरा दिवस थांब."

"पोरीच्या अंगाले खाज सुटून राह्यली त्या कापसानं. लेकरू येईल घरात. विका." त्यांचा आवाज असा फाटला की सदाशिवरावांनी मोबाईल खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागली. गोविंदा आणि उकंडा, दोघे मजूर, चादरीत कापूस भरून वाहू लागले. विमलताई दूर तुळशीपाशी उभ्या होत्या. ढीग उतरत गेला. दहाच्या सुमाराला गोविंदा दारात आला, तोंडावरचा रुमाल काढत.

"काकू, इथं तुमी बसत होत्या काय?"

"कधी कधी. थंड लागते तथी."

"आन् दुसरी कोन?"

त्यांना जायचं नव्हतं, पण गेल्या. दाराकडच्या बाजूला कापसात एक खळगा होता, पाठीचा, खांद्यांचा, मागं टेकलेल्या डोक्याचा. रोज दोन तास बसून झालेला. तो त्यांचा. मजुरांनी कडेनं वाट काढून ढीग पलीकडच्या बाजूनं उपसत आणला होता आणि आता मध्ये वीतभर जाडीची कापसाची भिंत तेवढी उरली होती. त्या भिंतीच्या पलीकडल्या अंगालाही एक खळगा होता. तसाच, पाठीचा, खांद्यांचा, डोक्याचा. कुणीतरी ढिगाच्या पोटात, जिथं जायला वाट नव्हती, तिथं त्यांच्या पाठीला पाठ लावून बसत होतं.

"उंदरानं केलं असन," उकंडा म्हणाला. गोविंदानं त्या भिंतीला हात लावला नाही, उकंडालाच ती भरायला लावली.

खोली रिकामी झाली. विमलताईंनी ती दोनदा झाडली, फिनाईलनं पुसली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. वही कपाटात साड्यांखाली गेली. पुढचे पाच दिवस घरातलं सगळं काम त्यांनी आपल्या हातांनी केलं. कंबर मोडली, पण भांडी घासायला बसल्या की मोरीत भांडी असायची, याचंच त्यांना सुख वाटे.

निकिता मात्र रुसली. दुपारी तिचे पाय चोळायला विमलताई बसल्या तर तिनं पाय आखडून घेतले.

"दुखते, आई. तसं नाई. तू आधी करे तसं कर."

"तसंच करून राह्यली मी."

"नाई." ती भिंतीकडे वळली. "गोष्टही नाई सांगत आता. राग आला काय मायावर?"

विमलताईंनी सांगायला तोंड उघडलं. गाडी सुटली, त्या म्हणाल्या. आणि पुढे त्यांना एक शब्द सुचेना. कागदावर जे झरझर आलं होतं ते तोंडात येताच भाकरीच्या कोरड्या घासासारखं अडकलं.

७

कळा सहाव्या दिवशी सुरू झाल्या. तारखेच्या बारा दिवस आधी आणि दुपारी सव्वाला. ॲम्ब्युलन्स दारव्ह्याहून निघाली होती, पण रस्त्याचं काम चालू होतं. सदाशिवराव चौकात कुणाची गाडी मिळते का पाहायला धावले. घरात दोघीच उरल्या.

निकिता पहिलटकरीण. ती भ्याली होती. डोळे मोठे झालेले, ओठ पांढरे.

"आई, मले नाई जमत. मी मरतो, आई."

"काही नाई होत, माय. श्वास घे. हे पाह, मी आहे ना."

विमलताई तिच्या कमरेवरून हात फिरवत होत्या, पाय दाबत होत्या, कपाळ पुसत होत्या. जितकं चोळावं तितकी निकिता जास्त आक्रसायची. कळ आली की ती श्वास धरून ठेवायची आणि अंग लाकडासारखं व्हायचं. जमनाबाईनं सांगितलं होतं, पोरगी अशी भ्याली तर लेकरू अडते.

"दुपारच्यासारखं कर ना, आई," निकिता रडत म्हणाली. "त्या वेळी कसं बरं वाटे. तसा हात लाव ना. पाया पडतो तुया. तसा हात लाव."

तेव्हा मागच्या बाजूनं आवाज आला. न्हाणीघराकडून. साधा, घाई नसलेला, शेजारणीला बोलवावं तसा.

"चाल ना बाई. आमच्या घरचं काम निघालं."

निकितानं ऐकलं नाही. ऐकलं असेल तरी तिला त्यात वेगळं काय वाटणार? आवाज तिच्या आईचाच होता.

विमलताई उठल्या नाहीत. त्यांनी निकिताला घट्ट धरलं, इतकं घट्ट की ती कण्हली. मी जाणार नाही, त्या मनात म्हणाल्या. गावात काय तोंड दाखवायचं ते पाहून घेईन. माझी लेक अशी असताना मी जाणार नाही.

कळ आली. निकिता धनुष्यासारखी ताठली आणि किंचाळली. ती आईच्या हातातून सुटायला पाहत होती, आणि तिची नजर आईला ओलांडून दाराकडे लागली होती. दुसऱ्या आईची वाट पाहावी तशी.

"चाल ना बाई," पुन्हा आवाज आला. "तुया घरचं मी पाहून घेतो."

विमलताईंनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. जन्मभर हिंमत नाही, हिंमत नाही म्हणून त्या स्वतःला बोल लावत आल्या होत्या. आता ती कुठून आली त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांनी निकिताच्या कपाळावर ओठ टेकले.

"आली मी, दोन मिनिटांत," त्या म्हणाल्या.

किल्ली कुलपात फिरवताना त्यांच्या घशातून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज निघत होता. त्यांनी दार उघडलं. आत अंधार होता. उंबरठा ओलांडताना काहीतरी त्यांच्या अंगाला घासून बाहेर गेलं. लुगड्याची सळसळ, तेलाचा वास आणि ऊब.

दार आपसूक लोटलं गेलं.

८

खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली होती. सहा दिवसांपूर्वी त्यांनी ती झाडून पुसली होती, आणि तरीही.

त्या दाराशी वळल्या. दार ओढलं, ढकललं, नखं लावली. फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिला डोळा लावला.

आतल्या खोलीतून किंचाळी आली आणि अर्ध्यातच थांबली. मग निकिताचा आवाज, सुस्कारा सोडल्यासारखा. "हो आई. तसंच. तसंच." थोड्या वेळानं गाडीचा हॉर्न. सदाशिवराव ओरडत आले. अंगणातून तिघं जाताना दिसली. सदाशिवराव पुढं पिशवी घेऊन. मागं निकिता, सावकाश, पाऊल टाकत. आणि तिच्या कमरेला हात घालून चाललेली एक बाई, विमलताईंच्या डाळिंबी लुगड्यात, विमलताईंच्या अंबाड्याची. डाव्या हातानं ती निकिताची पाठ चोळत होती. तोंड तिचं पलीकडे होतं. निकितानं त्या तोंडाकडे पाहिलं आणि कळांमध्येही ती हसली.

विमलताईंनी हाक मारली. बेंबीच्या देठापासून मारली. कापसानं ती पिऊन टाकली. फाटक वाजलं आणि गाडी गेली.

त्यांनी दारावर धडका दिल्या, खांदा सुजेपर्यंत. मग त्या खाली बसल्या. बसताना हात कापसात गेला. कापूस सरकीसकट, बियांसकट होता. एक बोंड त्यांनी उचललं, सरकी वेगळी केली, रुई वेगळी. मग दुसरं उचललं. दुसऱ्याच्या घरी कामाला गेलं की हात रिकामा ठेवत नाहीत, ती रीत बोटांना ठाऊक होती. त्यांना थांबायचं होतं, पण बोटं थांबली नाहीत.

आता त्यांना वेळ होता. एवढा वेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. डोक्यात वाक्यं येत होती, एकामागून एक, नीट, पुरी. लिहायला हात मोकळा नव्हता.

काम किती उरलंय म्हणून त्यांनी ढिगाकडे पाहिलं. ढीग होता तेवढाच होता.

झरोक्यातला उजेड तसाच दुपारचा. बाहेरचं कधी ऐकू येई, कधी नाही. एकदा तान्ह्या बाळाचं रडणं आलं, बारीक, रागावलेलं, आणि त्या रडण्यानं विमलताईंचा ऊर फुटला. त्यांनी आणखी दोनच बोंडं सोलली असतील, तोवर बायांचा पाळणा ऐकू आला, बारशाचा. नाव काय ठेवलं ते कापसानं कळू दिलं नाही. मग जमनाबाईचं हसणं आलं आणि कुणाच्या तरी पायातल्या वाळ्यांचा आवाज, पडत, उठत. वर्ष म्हणायचं की दोन, हे त्यांना समजेना. दिवसांचा अंदाज करायला लागल्या की बोटं अधिकच घाई करत.

मग वाळे दाराशी आले. अगदी दाराशी. फटीतून उजेड अडला आणि एक छोटा श्वास ऐकू आला.

"आजी?"

विमलताईंच्या हातातलं बोंड पडलं. बोटं थांबली, पहिल्यांदाच. त्यांनी दाराला तोंड लावलं आणि असेल नसेल तेवढा जीव एकवटून म्हणाल्या, "ओ!"

"ओ, माया सोन्या," अंगणातून दुसरा आवाज आला, त्याच क्षणी, त्याच सुरात. "अथी आहे मी. तथी काय पाहून राह्यला?"

फटीत पुन्हा उजेड आला आणि वाळे वाजत तिकडे धावत गेले.